वाडीवरचा रस्ता आणि डोंगराचे पाणी

(सहायकांच्या तिमाही सभेतील भाषण)



मागच्या सभेत पुष्कळांनी विचारले, "वाडीवर अजून रस्ता का नाही? आम्ही वर्गणी काढतो." तुमच्या या आस्थेबद्दल आभार. रस्ता हवाच. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वर गाडीरस्ता नव्हता, यंत्रे नेता आली नाहीत. जवान भर पावसात पायी चढले आणि कुदळ-फावड्यांनी चिखल उपसत राहिले. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण सापडलेच नाहीत. ठाकर-कातकऱ्यांनी पायवाटेवरच समाधान मानावे, असे म्हणणाऱ्यांतला मी नाही. असे म्हणणारे बहुधा डोंगरात गाडीनेच सहलीला येतात.

पण रस्ता कापतात कसा, हे पाहायला हवे. सह्याद्रीच्या काळ्या खडकावर मुरूम-मातीचा थर असतो. पावसाचे पाणी त्यात मुरते, खडकाला लागले की उताराने सरकते आणि कुठेतरी झरा होऊन बाहेर पडते. पोकलेनने उतार खालून उभा कापला की वरच्या मातीचा आधार जातो. निघालेला राडारोडा तसाच खाली लोटला की ओहोळ बुजतो, भातखाचरे गाडली जातात. मोरी नसेल तर रस्ताच बांधासारखा पाणी अडवतो. काम उन्हाळ्यात होते, ठेकेदाराचे बिलही तेव्हाच निघते. दोष दिसतो पावसाळ्यात.

पुणे जिल्ह्यातले माळीण तुम्हाला आठवत असेल. ३० जुलै २०१४ ला महादेव कोळ्यांचे ते गाव गाडले गेले, १५१ माणसे गेली. नेहमीच्या एसटीच्या चालकाला गावच दिसेना, तेव्हा बाहेर कळले. अतिवृष्टी तर होतीच, पण उतारावर यंत्राने केलेल्या सपाटीकरणाकडेही अनेकांनी बोट दाखवले. एप्रिल २०१७ मध्ये वाचलेल्यांना नवे गाव मिळाले. पक्की घरे, शाळा, सगळे चांगल्या मनाने बांधलेले. त्याच जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात तिथला भराव खचला, रस्त्यांना भेगा पडल्या. त्या रात्री त्या माणसांना झोप कशी लागली असेल?

आता आपल्यापुढे एका वाडीच्या रस्त्याला मदत करण्याचा प्रस्ताव आहे. आखणीच्या वाटेवर तिथल्या एका आजींनी मला तीन झरे दाखवले. नकाशात त्यांतला एकही नाही. म्हणून माझे म्हणणे असे, की आखणी आधी ग्रामसभेपुढे ठेवावी, झरा-ओहोळ तिथे मोरी घालावी आणि राडारोडा उतारावर न टाकता वाहून न्यावा. खर्च वाढेल, कदाचित एक पावसाळा थांबावेही लागेल. मोरीवर देणगीदाराच्या नावाची पाटी शोभत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी पहिली वर्गणी मोऱ्यांसाठीच द्या, अशी विनंती आहे.

पावसाआधी एका शनिवारी आखणी पायी पाहायला जाणार आहोत. चढ दीड तासाचा आहे. ज्यांना झेपेल त्यांनी सभा संपल्यावर माझ्याकडे नाव द्यावे. आजी बरोबर येणार आहेत.