कौतुक ऐकताना



आम्हा बालरोगतज्ज्ञांना मान माहीत असते ती एकच, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बाळ धरतं ती. आज या परिषदेत तुम्ही मला तो दुसरा मान दिलात. ती मान धरायला बाळाला तीन-चार महिने लागतात. तो मान पेलायला मला किती लागतील, सांगता येत नाही. तेव्हा आभार मानते आणि मुद्द्यावर येते.

एका तालुक्याच्या गावात मी तीस वर्षांहून अधिक काळ मुलं तपासते आहे. या काळात आपण एक गोष्ट चांगली शिकलो, मुलं मोजायला. डेव्हिड मॉर्ले या इंग्रज डॉक्टरांनी नायजेरियातल्या इमेसी-इले या खेड्यात वाढीच्या आलेखाचं साधं कार्ड रुजवलं. पुढे ती कल्पना जगभर गेली, आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाल्यावर आपल्या वाड्यावस्त्यांवर पोचली. आज आपल्या अंगणवाडीताईंना दंडघेराची पट्टी लावता येते. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, साडेबारापर्यंत पिवळा, त्यापुढे हिरवा. दोन वर्षांच्या आतलं मूल आडवं झोपवून मोजायचं आणि त्यानंतरचं उभं करून, कारण दोन्हींत सुमारे पाऊण सेंटिमीटरचा फरक पडतो, हेही त्यांना पाठ आहे.

हे मोजमाप थांबवा, असं मी म्हणणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी आणि २५.६ टक्के उंचीच्या मानाने रोडावलेली आढळली. ज्या राज्यात दर चौथं मूल रोडावलेलं आहे, त्या राज्यात वजनकाटा अडगळीत टाकून चालणार नाही.

पण वाढ काट्यावर कळते. विकास कळायला बाळाकडे बघत बसावं लागतं, आणि जो त्याच्याकडे दिवसभर बघतो त्याचं ऐकावं लागतं. इथे आपण कमी पडतो. आज मी बोलणार आहे ते या ऐकण्याविषयी. सुरुवात माझ्याच चुकीपासून करते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. दहा महिन्यांचा एक मुलगा लसीसाठी आला होता. गुटगुटीत. कार्डावरची रेघ हिरव्या पट्ट्यात अगदी छान चढलेली. आई कौतुकाने म्हणाली, "बाई, फार गुणी आहे हो. शेजारी लग्नाचा बँड वाजला, दार आपटलं, तरी याची झोप मोडत नाही." मी हसले, "नशीबवान आहात," म्हणाले, आणि कार्डावर लिहिलं, ‘वजन उत्तम’. तो परत आला तेव्हा अडीच वर्षांचा होता, एकही शब्द न बोलणारा. मी त्याच्या पाठीमागे जाऊन स्टीलच्या वाटीवर चमचा वाजवला. आई दचकली. तो फरशीवरच्या गाडीचं चाक फिरवत राहिला.

दहाव्या महिन्यात त्या आईने मला निदान सांगितलं होतं. मी ते कौतुक समजले.

आज आपल्याला माहीत आहे, की ऐकू न येणारं बाळसुद्धा सुरुवातीचे महिने हुंकार देतं, आवाज काढतं. म्हणून घरच्यांची फसगत होते. सहा ते दहा महिन्यांच्या सुमाराला इतर मुलं ‘बाबाबा, दादादा’ सुरू करतात, तेव्हा हे मागे पडतं. म्हणून श्रवणाच्या बाबतीत एक-तीन-सहा असा हिशेब सांगतात. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचाराला सुरुवात. माझ्या त्या मुलाच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही, आणि त्याचं वजन मात्र कायम उत्तम होतं.

त्या दिवसापासून मी कौतुकाची वाक्यं वहीत लिहून ठेवायला लागले. त्यातली काही तुम्हाला ऐकवते. तुम्हीही ती ऐकली असतील.

"आत्तापासूनच डावरा आहे, सगळं डाव्या हातानेच घेतो." बाळ आठ महिन्यांचं. वर्षाच्या आत मूल सहसा एक हात निवडत नाही. निवडत असेल, तर दुसरा हात का वापरत नाही, हे बघायला हवं.

"पाय काय ताठ आहेत बघा, उभं केलं की टाचा टेकत नाही, लवकर चालणार." हा ताठपणा पुष्कळदा चालण्याच्या घाईचा नसतो. तो स्नायूंच्या आखडण्याचा असू शकतो.

"मोबाईलवर आपलं गाणं बरोबर शोधतो, तासन् तास एकटा खेळतो, कुणाचा त्रास नाही." दीड वर्षाचं मूल हाकेला वळून बघत नसेल, बोट दाखवून ‘ते बघ’ म्हणून तुम्हाला काही दाखवत नसेल, तर त्या शांतपणाची चौकशी व्हायला हवी.

आणि एक वाक्य कौतुकाचं नाही, समजुतीचं आहे: "याचे वडीलसुद्धा उशिराच बोलले होते." वडील उशिरा बोलले असतीलही. पण वडिलांचे कान त्या वेळी कुणी तपासले होते?

बाळाकडे बघणाऱ्या फक्त आया आणि आज्याच असतात असं नाही. माझ्या माहितीतला सर्वांत तरबेज निरीक्षक म्हणजे आमच्या गावातली बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालणारी मावशी. शाळा चौथीपर्यंत. मोरीत पाटावर पाय पसरून बसायची, बाळाला नडग्यांवर पालथं घ्यायची, आणि कोमट तेलाचा हात पाठीवरून खाली उतरवायची. एकदा ती स्वतःच दवाखान्यात आली. म्हणाली, "डॉक्टरीणबाई, त्या अमक्यांच्या घरचं लेकरू बघा. चार महिन्यांचं झालं, पण लंगोट बांधताना मांड्या उघडतच नाहीत, आणि उचललं की पाय कात्रीसारखे होतात." तपासलं, तर बाळ सेरेब्रल पाल्सीचं निघालं. शेकडो बाळं तिच्या नडग्यांवरून गेली होती. त्यामुळे बाकीच्या बाळांहून वेगळं ते तिच्या हाताला लागलं. व्यायाम पाचव्या महिन्यात सुरू झाले. तो मुलगा आज काठी घेऊन चालतो, पण चालतो.

आता नाण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर उद्यापासून तुम्ही प्रत्येक आईला घाबरवून सोडाल. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात सहा देशांत मुलांच्या वाढीचा मोठा अभ्यास केला. त्यात आपली दिल्लीही होती. २००६ मध्ये त्यातून नवे वाढ-मानदंड आले. त्याच अभ्यासात पाच देशांतल्या ८१६ मुलांच्या हालचालींचे सहा टप्पे नोंदवले गेले. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिने. आधाराशिवाय चालणं ८.२ ते १७.६ महिने. म्हणजे एकाच आठवड्यात जन्मलेल्या चुलत भावंडांपैकी एक नवव्या महिन्यात अंगणभर दुडूदुडू फिरेल आणि दुसरं सोळाव्यात पहिलं पाऊल टाकेल, आणि दोघंही ठणठणीत असतील. मधल्या सात महिन्यांत दुसऱ्याच्या आईला घरात काय काय ऐकावं लागतं, ते मी सांगायला नको. जावेच्या मुलाइतका वाईट मानदंड जगात दुसरा नाही.

याच अभ्यासात सुमारे ४.३ टक्के मुलं हातागुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत. बूड घासत गेली किंवा थेट उभी राहिली. आमच्या आजीच्या हिशेबात बाळ पालथं पडलं की करंज्या, आणि रांगत उंबरा ओलांडला की पुन्हा गोडाधोडाचं. न रांगणाऱ्या नातवाने आजीचा एक बेत चुकवला, एवढंच त्याचं पाप.

तेव्हा टप्पा म्हणजे रेल्वेच्या वेळापत्रकातली तारीख-वेळ समजू नका. पेरणीची वेळ जशी असते, तसा तो काळ असतो. मृगात पेरा, आर्द्रेत पेरा, चालतं. पण दिवाळीपर्यंत वाट बघणारा शेतकरी त्या हंगामाला मुकतो. मूल नऊ महिन्यांनंतरही बसत नसेल, अठरा महिन्यांनंतरही चालत नसेल, तर हंगाम सरत आला. आणि आलेली गोष्ट गेली, म्हणजे बोलणारं मूल बोलेनासं झालं, हसणारं बघेनासं झालं, तर वय कितीही असो, त्याच आठवड्यात तपासणी. कमी दिवसांच्या बाळाचं वय मात्र प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून धरा. दोन महिने आधी आलेल्या बाळाकडून दोन महिने आधी हिशेब मागू नका.

मित्रहो, बघण्याची ही परंपरा आपल्याला परकी नाही. प्रमिला फाटक यांनी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात बाळांच्या विकासाचे भारतीय निकष उभे केले. हालचालींचे ६७ आणि बौद्धिक विकासाचे १६३ मुद्दे असलेली ती मोजपट्टी आजही देशभर वापरली जाते. इतके मुद्दे कुणी खुर्चीत बसून लिहू शकत नाही. त्यासाठी बाळांसमोर सतरंजीवर बसावं लागतं. त्याआधी, १९४५ मध्ये, ताराबाई मोडक बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी काम वाढवलं. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेऊ, या साध्या विचारातून ‘अंगणवाडी’ हा शब्द आला. आज देशभर सरकारी कागदावर असलेला हा शब्द एका मराठी बाईने अंगणात उभं राहून, मुलांकडे बघून घडवलेला आहे. आणि मुलांच्या विकासातल्या विलंबाचाही शोध घेणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला, तोही पालघरहून, म्हणजे त्याच मुलखातून.

या परंपरेला शोभेल असं आपण काय करू शकतो? पैसा लागणार नाही अशा तीन गोष्टी या परिषदेपुढे ठेवते.

पहिली. वजनाच्या दिवशी बाळाला झोळीत घालण्याआधी पाच मिनिटं सतरंजीवर सोडा आणि आईला एकच प्रश्न विचारा, "या महिन्यात यानं नवीन काय केलं?" ती जे म्हणेल ते तिच्याच शब्दांत कार्डावर लिहा. ‘विकास सामान्य’ असं लिहू नका. ‘बुवा-कुक केलं की खिदळतो, पदर ओढतो’ असं लिहा. पदराआड गेलेली आई आहेच, हे त्या बाळाला कळलंय, याचा याहून सरळ पुरावा कुठला? ताईंच्या डोक्यावर रजिस्टरं आणि मोबाईलमधल्या नोंदी यांचं ओझं आधीच आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच मी नवा तक्ता मागत नाही. एक वाक्य मागते.

दुसरी. माझ्यासारख्या वह्या तुमच्याकडेही असतील, नसतील तर आजपासून ठेवा. धोक्याची लक्षणं आपण पुस्तकी भाषेत छापतो, आणि ती भिंतीवरच राहतात. ‘गुणी आहे, रडत नाही’ या वाक्यात आई स्वतःचं बाळ ओळखते. ‘श्रवणदोष’ या शब्दात ओळखत नाही. वऱ्हाडात, खानदेशात, कोकणात, मेळघाटातल्या कोरकू घरांत, गडचिरोलीच्या गोंड पाड्यांवर हे कौतुक कसं केलं जातं, ते गोळा करू या. ते आपलं खरं तपासणीपत्रक होईल.

तिसरी गोष्ट मुख्यतः आम्हा डॉक्टरांसाठी. आपला आवडता शब्द आहे ‘बघू’. तो वाईट नाही. पुष्कळ मुलांना खरोखरच थोडा वेळ हवा असतो. पण ‘बघू’ला तारीख हवी. "तीन आठवड्यांनी मंगळवारी या, तोवर फरशीवर खेळू द्या, वॉकरमध्ये बसवू नका." कॅनडाने २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्या पांगुळगाड्यामागे मूल स्वतःच्या पायांवर उभं राहून ढकलत चालायचं, वॉकरमध्ये ते चवड्यांवर लोंबकळत घरंगळतं. तारीख न देता म्हटलेल्या ‘बघू’चं मोल काय असतं, ते मी तुम्हाला सुरुवातीलाच सांगितलं. मी तर तेवढंही म्हटलं नव्हतं.

तो अडीच वर्षांचा मुलगा पुढे मूकबधिरांच्या शाळेत गेला, उत्तम सुतार झाला. दोन वर्षांपूर्वी तो आणि त्याची बायको नऊ महिन्यांची मुलगी घेऊन दवाखान्यात आले. मी काही विचारण्याआधीच त्याने खिशातून स्टीलचा चमचा काढला, मुलीच्या पाठीमागे गेला, टेबलाच्या कडेवर टकटक केलं, आणि माझ्याकडे न बघता मुलीकडे बघत राहिला.

ती वळली. मी कार्ड घेतलं, आणि वजनाच्या आधी ते लिहिलं.