कावळा, फांदी आणि आपली सर्वसाधारण सभा
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय ‘रोजच्या जीवनातील तर्कशास्त्र’. नाव ऐकूनच मागच्या रांगेतली पोरं पंगतीच्या मांडवाकडं बघायला लागलीत, हे मला हितनं दिसतंय. घाबरू नका, सूत्रं-बित्रं काही नाहीत. हसत हसत उरकूया.

आपल्या न्यायशास्त्रातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण थेट स्वयंपाकघरातलं आहे. डोंगरावर धूर दिसतोय, म्हणजे तिथं जाळ असणार; कारण जिथं धूर तिथं जाळ, जशी आपली चूल. गुऱ्हाळाच्या धुराड्यातून धूर निघाला की आपण लांबूनच ओळखतो, चुलवाण पेटलं. हे झालं अनुमान. आता उलटं करून बघा. जिथं जाळ तिथं धूर, हे खरं काय? नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्याला धूर नसतो, असं जुन्या पंडितांनीच दाखवून दिलंय. हात लावून खात्री करू नका म्हणजे झालं! दिसायला कारण, पण आतून पोकळ, अशाला ते ‘हेत्वाभास’ म्हणत.

आपल्या आज्यांनी न्यायशास्त्र वाचलं नव्हतं, पण म्हण सांगितली: ‘कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ.’ संस्कृतात हाच ‘काकतालीय न्याय’. तिथं ताडाचं फळ पडतं, आपल्याकडं फांदी मोडते, कावळा तोच. म्हण ऐकून हसू येतं, कारण एवढ्याशा कावळ्याच्या वजनानं फांदी मोडत नाही, हे आपल्याला दिसतं. जिथं हसू येतं, तिथंच बहुतेक वेळा तर्काचा सांधा निखळलेला असतो.

आता हाच कावळा सोसायटीच्या गेटवर बसवू. समजा, नवा वॉचमन आला आणि आठवड्यात एक सायकल गेली. लगेच जिन्यात बोलणं सुरू: ‘वॉचमन नवा, सायकल गेली, म्हणजे...’ म्हणजे काय? त्याच आठवड्यात दूधवालाही नवा आला, वरच्या मजल्यावर भाडेकरूही नवे आले, आणि चेअरमनसाहेबांचे पाहुणेही येऊन गेले. धरायचं काय सगळ्यांना? हसलात. पण मंडळी, त्या एका ‘म्हणजे’पायी गरिबाची नोकरी जाते. तो दुसरीकडं काम मागायला जातो, तेव्हा त्याच्या आधी त्याची बदनामी तिथं पोचलेली असते. चोरी शोधायची तर रजिस्टर बघा, कॅमेरा बघा, पोलिसांत कळवा. कावळ्याला पुरावा करू नका.

दुसरा नमुना हायवेवरचा.

‘काका, हेल्मेट कुठाय?’

‘लेका, तीस वर्सं गाडी चालवतोय. काय झालंय मला?’

‘काका, ज्यांना झालं ते सांगायला न्हाईत, म्हणून तुमचंच ऐकू येतंय.’

हाच तर्क आपण इमारतीला लावतो. ‘२५ वर्षं काही झालं नाही, आता काय हुतंय?’ पण गेलेली २५ वर्षं हे पुढच्या वर्षाचं हमीपत्र नव्हे. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांनंतर दर ३ वर्षांनी करायचं असतं. गेटला रंग कुठला लावायचा, हे हात वर करून ठरवता येतं. स्लॅब मजबूत आहे की नाही, हे मात्र बहुमतानं ठरत नाही. तिथं इंजिनिअरच लागतो.

तिसरा नमुना सर्वसाधारण सभेतला. एक सभासद उठतो, ‘टाकी गळतीय.’ दुसरा ओरडतो, ‘आधी तुमची थकबाकी भरा!’ टाळ्या पडतात. थकबाकी खरी असेल तर जरूर वसूल करा. पण खातं बघून कुणाच्या नावानं गळायचं, एवढी अक्कल टाकीला आहे काय? थकबाकी हा एक विषय, टाकी हा दुसरा. दोन ठराव करा, दोन्ही मार्गी लावा.

हसवून विचार करायला लावण्याची ही विद्या गाडगेबाबांकडून (१८७६-१९५६) शिकावी. कीर्तनात ते उपदेशापेक्षा प्रश्न जास्त विचारत. कर्ज काढून सण करावा काय? उत्तर लोकच देत, आणि देता देता स्वतःच्याच वागण्यावर हसत. समोरच्याला कमी लेखायचं नाही, त्याच्या तोंडूनच खरं वदवून घ्यायचं, ही त्यातली खुबी.

आपल्यालाही तेवढं पथ्य पाळायला हवं. हसायचं ते मुद्द्याला, माणसाला नाही. ज्याला हसलो, तो पुढच्या सभेला येत नाही. आणि आला तर मागचं उट्टं काढायलाच येतो! पंचवीस वर्षं आपण एका जिन्यानं चढतोय-उतरतोय, पुढंही चढायचंय. म्हणून एकच विनंती. जिन्यात, सभेत किंवा मोबाईलच्या ग्रुपवर कुणी ‘म्हणजे’ म्हणालं, की चिडू नका. हसून विचारा, ‘म्हणजे कसं ओ?’ आणि उत्तर मात्र पूर्ण ऐकून घ्या.