रिकामा कक्ष, चालते इंजिन
(भाषणाचा मजकूर)



रेल्वे इंजिन म्हटले की खिडकीतून बाहेर पाहणारा चालक डोळ्यांपुढे उभा राहतो. खिडकी रिकामी दिसली, म्हणजे इंजिन उभेच राहणार, असा सर्वसामान्यांचा समज असतो. उत्तर अमेरिकेतील अनेक रेल्वे यार्डांत मात्र हा समज प्राणघातक ठरू शकतो. तेथे शंटिंगचे इंजिन रिकाम्या कक्षानिशी मागेपुढे धावते आणि त्याचे नियंत्रण करणारा कर्मचारी रुळांलगत जमिनीवर उभा असतो.

पूर्वी चालक इंजिनात असे आणि डबे जोडणारा कर्मचारी खाली. दोघांमधील दुवा म्हणजे हातवारे, कंदील किंवा बिनतारी संदेश. दूरनियंत्रणामुळे पाहणारा डोळा आणि चालविणारा हात एकाच व्यक्तीचे झाले. कॅनडात ही पद्धत प्रथम रुळली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत इंजिनचालकांच्या संघटनेने तिला विरोध केला. तेथील संघीय रेल्वे प्रशासनाने २००१ साली मार्गदर्शक सूचना प्रसृत केल्या आणि २०१२ साली बंधनकारक नियम केले.

असे इंजिन ओळखावे कसे? पहिली खूण कर्मचाऱ्याच्या अंगावर असते : पट्ट्यांनी छातीशी बांधलेली नियंत्रण-पेटी. दुसरी खूण इंजिनावर : ते दूरनियंत्रणाखाली असल्याचे जवळपासच्या कर्मचाऱ्यांना स्पष्ट कळावे, यासाठी दिसणारे वा ऐकू येणारे इशारासाधन त्यावर असावेच लागते. बहुधा तो लुकलुकणारा दिवा असतो. तिसरी खूण कक्षात, वेगनियंत्रक दांड्यावर लावलेल्या सूचनापट्टीच्या रूपाने आढळते. चौथी खूण म्हणजे यार्डाच्या प्रवेशमार्गावरील फलक. छतावरील आकाशक हा मात्र पुरेसा पुरावा नव्हे. चालक असलेल्या साध्या इंजिनावरही बिनतारी संभाषणासाठी तो असतोच.

पेटी आणि इंजिन यांमधील संदेश जास्तीत जास्त पाच सेकंद खंडित झाला, तर इंजिनाची ओढशक्ती बंद होऊन ब्रेक लागावेत, असा नियम आहे. कर्मचारी कोसळून पेटी ठराविक मर्यादेपलीकडे कलली आणि ती वेळीच सावरली गेली नाही, तर आणीबाणीचे ब्रेक लागतात. ही योजना स्तुत्य आहे. परंतु तिची मर्यादाही ध्यानी घ्यावयास हवी. नियंत्रक पडला, हे पेटीला कळते. रुळावर तिऱ्हाईत उतरला, हे तिला कळत नाही. डब्यांच्या रांगेआड तो नियंत्रकाच्या दृष्टीसही पडेलच असे नाही.

यार्डातील या इंजिनाहून निराळा असा दुसरा प्रकार लांब मालगाड्यांत आढळतो. तेथे गाडीच्या मध्यभागी वा शेवटी जोडलेली इंजिने पुढील इंजिनातील चालकाच्या बिनतारी आज्ञेनुसार चालतात. भारतीय रेल्वेनेही लांब मालगाड्यांसाठी ही पद्धत अवलंबिली आहे. अशा गाडीचे पुढचे इंजिन दृष्टीआड असताना मधल्या इंजिनाचा रिकामा कक्ष पाहून ‘गाडी उभीच राहणार’ असा निष्कर्ष काढणे आत्मघातकीपणाचे होय.

शिक्षकांनी वर्गात आणि पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत एवढी एकच गोष्ट मनावर बिंबविली तरी पुष्कळ कार्य होईल : कक्ष रिकामा दिसला तरी इंजिन केव्हाही हलू शकते, असे समजूनच वागावे. उभ्या गाडीखालून वा दोन डब्यांच्या फटीतून पलीकडे जाण्याचा मोह टाळावा आणि अधिकृत मार्गानेच रूळ ओलांडावेत.