गळाला काय लावायचे?

(वेरूळ येथील बालशिबिराच्या स्वयंसेवकांपुढे केलेले भाषण)



दिवाळीच्या सुटीत वेरूळच्या आसपासच्या भिल्ल वस्त्यांवरची मुले आपल्या शिबिराला येतील. त्यातली एक सकाळ पाझर तलावावर गळ टाकण्यासाठी ठेवली आहे. शिबिरात मासेमारी कशाला, असे काही जणांनी विचारले. त्याचे कारण आधी सांगतो.

लेण्यांजवळ पावसाळ्यात कोसळणारा येळगंगेचा धबधबा तुम्ही पाहिला असेल. उन्हाळ्याकडे हेच पाणी आटत जाते आणि मासे डोहांत अडकतात. अशा अडकलेल्या पाण्यात कोणी फवारणीचे औषध ओततो, कोणी शेतपंपाच्या तारेवर आकडा टाकून करंट सोडतो. औषधाने बोटाएवढी पिल्लेसुद्धा मरतात, आणि तेच पाणी पुढे शेळ्या पितात. करंट सोडणारा तर कधी स्वतःच पाण्यात पडतो. बारा-तेरा वर्षांची पोरे मोठ्यांचे पाहूनच शिकतात. वस्तीवरच्या आज्यांना मात्र गळाची विद्या अजून येते. त्यांच्यापैकी दोघी शिकवायला येणार आहेत. तुम्ही त्यांच्या हाताखाली राहायचे आहे, म्हणून निदान गळाला काय लावतात एवढे तरी ठाऊक असावे.

गांडूळ सगळ्यात सोपे. मोरीचे पाणी जिथे मुरते तिथे किंवा शेणखताच्या ढिगाच्या कडेला ते सापडते. डब्यात ओली माती घालून सावलीत ठेवा. उन्हात ठेवलेले गांडूळ तासाभरात निकामी होते. गळाचे टोक गांडुळाच्या एका अंगातून घालून, मोजा चढवावा तसे ते वाकावर सरकवत न्यायचे आणि शेवटी थोडेसे शेपूट वळवळायला मोकळे ठेवायचे. नवशिका अख्खे गांडूळ मधोमध टोचून दोन्हीकडे लोंबकळत सोडतो. मग बारीक मासे दोन्ही टोके कुरतडून नेतात आणि आपण रिकामा गळ राखत बसतो. गळ लहान असेल तर अर्धे गांडूळ पुरे.

रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली तलावांत सोडतात. त्यांच्यासाठी गव्हाची कणीक चांगली. ती घट्ट मळा आणि त्यात कापसाचे थोडे तंतू मिसळा, म्हणजे पाण्यात लवकर सुटत नाही. हरभऱ्याएवढी गोळी टोक झाकेल अशी बसवा, पण दगडासारखी नको. मासा ओढतो तेव्हा टोक गोळीतून बाहेर आले पाहिजे. भिजवलेली शेंगदाण्याची पेंड मूठभर आधी पाण्यात टाकली की मासे त्या जागी जमतात. गळ किती खोल सोडायचा हेही आमिषाइतकेच महत्त्वाचे आहे. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. त्याप्रमाणे तरंगी वरखाली सरकवायची. तरंगीला ज्वारीच्या वाळलेल्या धांड्याचा तुकडाही चालतो.

मरळ शिकारी मासा आहे, त्याला जिवंत बेडकी किंवा छोटा मासा लागतो. मुलांबरोबर त्याच्या नादी लागू नका. चिलापी गांडूळ, कणीक, भाकरीचा तुकडा, काहीही घेते. ती इथली नव्हे. १९५२ साली भारतात आणली आणि सगळीकडे पसरली. मुलांच्या हाती बहुधा तीच लागेल.

गालील समुद्रात ज्याला पेत्राचा मासा म्हणतात तो या चिलापीचाच भाऊबंद. नव्या करारात गळाने मासा धरण्याचा प्रसंग एकच आहे, मत्तयाच्या सतराव्या अध्यायात, मंदिराच्या कराच्या वेळचा. बाकी सगळीकडे जाळीच. पेत्राने गळाला काय लावले हे मत्तय सांगत नाही. माझ्यातल्या मासे धरणाऱ्याला याची रुखरुख वाटते.

‘आमिष’ हा शब्द मी मघापासून वापरतो आहे, तेव्हा स्पष्टच बोलतो. आदिवासी भागात काम करणाऱ्या आपल्यासारख्यांवर आमिष दाखवल्याचा आरोप होतो. म्हणून त्या दिवशी धरलेला मासा ज्याचा त्याने घरी न्यायचा. प्रार्थनेला बसला का, उपासनेला येशील का, असे कोणत्याही मुलाला विचारायचे नाही. आमिष गळालाच लावायचे.

तलाव ठेक्याने दिलेले असतात, म्हणून परवानगी आधी घेऊ. गळ टाकताना मागे कोण उभे आहे ते पाहा. गळ बोटात रुतला तर ओढू नका. त्याचा उलटा काटा मांस फाडतो. तसेच आरोग्य केंद्रात न्यायचे, धनुर्वाताचे इंजेक्शनही तिथेच मिळेल. तुटलेली तंगूस काठावर टाकू नका, बगळ्यांच्या पायांत गुंतते.

पाऊस सुरू झाला की अंडी भरलेले मासे प्रवाहाविरुद्ध चढतात. चढणीचा मासा धरायचा नाही, हे आज्या सांगतीलच. तुम्ही मध्ये बोलू नका.

प्रत्येकाने एक पक्कड, एक झाकणाचा डबा आणि मूठभर कणीक आणावी. गांडुळे मुले आणतील.