प्रसादाबरोबर हा नंबरही न्या

माझी आत्या इथेच, बेलव्ह्यूजवळच्या एका नर्सिंग होममध्ये होती. बेल दाबली तरी कोणी लवकर येत नसे. "तक्रार करू नकोस रे, राग माझ्यावर काढतील," म्हणायची. मी गप्प बसलो. शेवटी तिच्या पाठीला जखमा झाल्या.

तक्रारीचा सूड घ्यायला १९८७ च्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. राज्याच्या लाँग-टर्म केअर ओम्बड्समनला १-८००-५६२-६०२८ वर फोन करा. ते रहिवाशाची बाजू मांडतात. मदत मोफत असते. संमतीशिवाय नाव सांगत नाहीत. छळ किंवा हेळसांड दिसली तर १-८६६-३६३-४२७६. जिवाला धोका असल्यास ९११. इंग्रजी अडलं तर दुभाषी मागा.

भेटीला जाताना प्रसादाबरोबर हे नंबरही न्या.