दोन शब्दांच्या मधे काय आहे?



वर्धापनदिनी आम्हाला प्रतीत्यसमुत्पादावर बोलायला सांगितलं. विषय पंडितांचा आणि बोलणार साचाखात्यातला माणूस! पण साच्यावर उभं राहिलेल्याला एक कळतं, नुसतं सूत म्हणजे कापड नव्हे. उभा धागा आडव्यात कसा गुंततो त्यावर कापड ठरतं. ज्ञानाचंही तसंच आहे.

आपली मुलं बारा निदानं घडाघडा म्हणतात. अविज्जा, संखार, विञ्ञाण, थेट जरामरणापर्यंत. पण त्यांना विचारा, दोन नावांच्या मधे कोणता शब्द येतो? तो 'पच्चया'. म्हणजे त्याच्यामुळे, त्याच्या आधाराने. आमच्या मते सगळं मर्म त्या मधल्या शब्दात आहे. बोट हा हाताचा भाग. वड हा झाडाचा प्रकार. पाऊस पडला म्हणून चिखल झाला. ही तीन नाती निरनिराळी. वेदना हा तण्हेचा भाग नाही, प्रकारही नाही. वेदनेमुळे तण्हा होते. आज संगणकात ज्ञान भरणारेसुद्धा दोन शब्दांतलं नातं कोणतं हे वेगळं नोंदवतात, नाहीतर ते यंत्र बोटालाच हात समजेल.

नातं नेहमी एकाच दिशेचं असतं असंही नाही. संयुत्त निकायात सारिपुत्त विञ्ञाण आणि नामरूप यांना बोरूच्या दोन जुड्यांची उपमा देतात. एकमेकींना टेकून उभ्या. एक काढली की दुसरी पडली. अभिधम्माच्या सातव्या ग्रंथात, पट्ठानात, तर अशा नात्यांचे 24 प्रकार मांडले आहेत. एकाआधी एक येणारं, बरोबरच उपजणारं, परस्परांना धरून राहणारं. सगळे आज सांगत बसलो तर खीर थंड होईल.

आता आपल्या घरातली गोष्ट. आपल्यातच कुणी म्हणतं, 'गरिबी आली, गेल्या जन्मीचं कर्म.' इथे दोन शब्द जोडले, पण जोड खोटी. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ही जोड साफ नाकारली. कारण ती मान्य केली की जमीन कुणी बळकावली, मजुरी कुणी बुडवली, हे विचारायचं कामच उरत नाही.

गिरण्यांतही हेच झालं. धोट्यातून सूत तोंडाने ओढावं लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली आपल्या माणसांना साचाखात्यात घेत नसत. पगार तिथे जास्त. जन्म आणि काम यांच्यात माणसांनी घातलेली ही गाठ निसर्गाची म्हणून खपवली. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला.

त्यांची नजरच तशी होती. 1916 साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्यांनी सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या तीन चाली सुट्या ठेवल्या नाहीत. जातीतच लग्न टिकवण्याचे ते उपाय आहेत, हे नातं त्यांनी दाखवलं.

वर्षावासातल्या रविवारच्या वर्गात आम्ही फळ्यावर बारा नावं लिहिणार आहोत. मधली जागा रिकामी असेल. ती मुलांनी भरायची, आणि आईबापांनीही मागे बसायचं. खडू आम्ही आणतो.

जयभीम!