घरखरेदी आणि मध्यस्थ



नोकरदार माणूस सर्वांत मोठी खरेदी करतो ती घराची, आणि बहुधा आयुष्यात एकदाच करतो. भविष्यनिर्वाह निधी, उपदान, मोडलेले दागिने आणि पतपेढीचे अथवा बँकेचे कर्ज अशी चोहोबाजूंनी जमविलेली पुंजी एका सहीसरशी हातची जाते. विकणाऱ्याचे, आणि विशेषतः मध्यस्थाचे, अशा व्यवहारांत नित्याचे येणेजाणे असते. खरेदीदार मात्र त्यात नवखा असतो. म्हणूनच शाळेतील गुरुजी असोत, कचेरीतील लिपिक असोत वा पंचायतीचे सदस्य असोत, सर्वांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो हा की, घर घेताना दलाल मध्ये घ्यावा की न घ्यावा?

दलाल हा शब्द आपल्याकडे काहीशा तुच्छतेने उच्चारला जातो. ते योग्य नव्हे. घेणारा आणि विकणारा यांची गाठ घालून देणे हा एक उपयुक्त व्यवसाय आहे. तथापि त्याच्याकडून काय मिळू शकते आणि काय मिळू शकत नाही, याचा विचार अगोदर व्हावयास हवा.

गरज कशाची आहे?

घर घेणाऱ्यास तीन गोष्टी लागतात: माहिती, वेळ आणि खात्री. कोणत्या वस्तीत कोणते घर विकाऊ आहे व तेथील भाव काय आहे, ही माहिती. घरे पाहणे, मालकाची भेट ठरविणे, कागद जमविणे यांसाठी लागतो तो वेळ. आणि विकणारा हाच खरा मालक आहे, घरावर कोणाचा बोजा अथवा वारसाचा हक्क नाही, ही खात्री. पहिल्या दोन गोष्टी मध्यस्थाकडून मोबदला देऊन घेता येतात. तिसरी मात्र त्याच्याकडून घेता येत नाही. त्याचा मोबदला व्यवहार पुरा होण्यावर अवलंबून असल्याने व्यवहारातील दोष शोधून काढणे हे त्याच्या हिताविरुद्ध जाते. हा माणसाचा दोष नसून व्यवस्थेचा स्वभाव आहे.

एका हिशेबाने हे स्पष्ट होईल. दलालीचा दर कायद्याने ठरवून दिलेला नाही. अनेक शहरांत किमतीच्या एक ते दोन टक्के देण्याची रूढी आहे. समजा, घर ४० लाख रुपयांचे आणि दलाली दोन टक्के, म्हणजे ८० हजार रुपये. घासाघीस करून किंमत दोन लाखांनी उतरली, तर खरेदीदाराचे दोन लाख वाचतात. मध्यस्थाचे केवळ चार हजार कमी होतात. परंतु व्यवहार मोडला, तर त्याचे संपूर्ण ८० हजार बुडतात. म्हणजे त्याचे लक्ष भावापेक्षा व्यवहार जमण्याकडे अधिक असणार. त्यातून त्याने दोन्ही बाजूंकडून दलाली घेतली असेल, तर तो नेमका कोणाच्या वतीने बोलतो आहे, हा प्रश्न उरतोच.

मध्यस्थ केव्हा घ्यावा?

बदलीच्या गावी घर घ्यावयाचे आहे, तेथे ओळखपाळख नाही, रजा मिळत नाही, किंवा जुन्या सदनिकेचा शोध घ्यावयाचा आहे, अशा वेळी जाणकार मध्यस्थ कामी येतो. याउलट, गावठाणातील शेजाऱ्याचे घर घ्यावयाचे असेल, किंवा विकणारा परिचयाचा असून भाव उभयपक्षी ठरलेला असेल, तर शोधण्यासारखे काही उरतच नाही. तेथे दलालीचा पैसा वकिलाच्या फीकडे वळविणे अधिक शहाणपणाचे. म्हाडाच्या सोडतीत तर मध्यस्थाला जागाच नाही. तेथे सदनिकांचे वाटप सोडतीने होते आणि कोणासही दलाल नेमलेले नाही, असे ती संस्था वेळोवेळी जाहीर करते. "आतून काम करून देतो" असे सांगून कोणी पैसे मागितल्यास ती फसवणूकच समजावी.

कायदा काय सांगतो?

नव्या गृहप्रकल्पांपुरते २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने मध्यस्थास नियमांच्या चौकटीत आणले आहे. नोंदणी केल्याविना त्याला नोंदणीकृत प्रकल्पातील सदनिकांचा व्यवहार जुळवून देता येत नाही. ज्या प्रकल्पास नोंदणी आवश्यक आहे पण ती झालेली नाही, त्यातील घर त्याने विकण्यास साहाय्य करणे हाही नियमभंग होय. महाराष्ट्रात यासाठी महारेरा हे प्राधिकरण आहे. मध्यस्थांसाठी प्रशिक्षण व परीक्षा आवश्यक करण्याचे पाऊल त्याने २०२३ मध्ये उचलले. मध्यस्थाचा नोंदणी क्रमांक मागून घ्यावा आणि तो प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पडताळून पाहावा. क्रमांक सांगण्यास जो कुचराई करतो, त्याच्याशी पुढे बोलणेच नको.

जुन्या घराचा दोन व्यक्तींमधील व्यवहार मात्र सहसा या चौकटीबाहेर राहतो. तेथे आधार १८७२ च्या करार कायद्याचा. निराळा करार नसेल, तर नेमून दिलेले काम पूर्ण होईपर्यंत मध्यस्थाचा मोबदला देय होत नाही, असे हा कायदा म्हणतो. आपल्या वतीने नेमलेल्या मध्यस्थाने आपणांस न कळविता त्याच व्यवहारात स्वतःचा फायदा साधला, तर तो फायदा त्याच्याकडून मागण्याचा हक्कही हा कायदा आपणांस देतो. परंतु हे हक्क सिद्ध करावयाचे तर कागद हवा. म्हणून पहिले घर पाहण्यापूर्वीच चार गोष्टी लिहून घ्याव्यात: तो कोणाच्या वतीने काम करणार, मोबदला किती, तो केव्हा द्यावयाचा आणि व्यवहार मोडल्यास काय. इसाराची रक्कम मध्यस्थाच्या हाती न देता थेट मालकास धनादेशाने द्यावी व पावती घ्यावी.

खात्री स्वतःच करावी

मध्यस्थ घेतला तरी आणि न घेतला तरी एक काम टळत नाही, ते म्हणजे दप्तर पाहण्याचे. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातील सूची शुल्क भरून कोणासही पाहता येते. वकिलाकडून मागील तीस वर्षांचा शोध घेण्याची प्रथा आहे, ती मोडू नये. शहरात मिळकत पत्रिका, जमिनीसाठी सातबारा व फेरफार, सहकारी गृहनिर्माण संस्थेतील सदनिकेसाठी भागपत्र व थकबाकी नसल्याचा दाखला, आणि बांधकामाची मंजुरी पाहावी. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा होय. त्यावर नाव असले म्हणजे मालकी सिद्ध झाली असे नव्हे. सातबारावरील नोंददेखील मालकीचा अखेरचा निर्णय नसते. गावठाणातील घरांना मिळकत पत्रिका मिळावी म्हणून २०२० मध्ये स्वामित्व योजना सुरू झाली; आपल्या गावी ते काम झाले असल्यास ती पत्रिका अवश्य मागावी.

आणखी एक गैरसमज दूर व्हावा. साठेखत म्हणजे खरेदीखत नव्हे. शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्तानेच पूर्ण होते, हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात स्पष्ट आहे. "साठेखत झाले, आता काळजी नको" असे कोणी म्हणाले, तर खरी काळजी तेथूनच सुरू होते.

शासकीय सेवेतील बंधुभगिनींनी आणखी एक ध्यानी ठेवावे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ अन्वये स्थावर मिळकत घेण्यापूर्वी विहित प्राधिकाऱ्यास कळवावे लागते. याची आठवण मध्यस्थ करून देणार नाही.

आपणांपैकी अनेकांकडे लोक सल्ल्यासाठी येतात. "गुरुजी, अमुक दलाल चांगला आहे का?" असे विचारतात. अशा वेळी माणसाची हमी देण्याऐवजी दप्तराची वाट दाखवावी. कोणत्या कार्यालयात कोणता उतारा मिळतो, तो कसा वाचावा, हे समजावून सांगावे. आपण दिलेला शब्द ऐकून एखाद्याने आयुष्याची पुंजी लावली आणि ती बुडाली, तर तो शब्द परत घेता येत नाही. उतारा वाचावयास शिकलेला माणूस मात्र मध्यस्थ घेवो वा न घेवो, आपला निर्णय डोळे उघडे ठेवून घेईल.